‘ताओ हा धर्म नव्हेच’ या दाव्यात काय चुकतं

चीनमधल्या ताओ परंपरेबद्दल सध्या बराच फिरणारा एक मजकूर ‘ताओ हा धर्म नव्हेच’ म्हणत चार गोष्टी ठासून सांगतो. प्राचीन चिनी विचारवंत लाओत्सेने या परंपरेचा मूळ ग्रंथ ‘ताओ ते चिंग’ एकहाती लिहिला आणि यिन-यांगचं चिन्हही त्याचंच. त्याची शिकवण एवढीच की काही करू नका, प्रवाहासोबत वाहा. ताओमध्ये देव, विधी, नियम नाहीत. चीनमधली मंदिरं म्हणजे पुजाऱ्यांनी नंतर केलेली भेसळ. यातलं एकही विधान टिकत नाही.

लेखक आणि चिन्ह. इ.स.पू. १०० च्या सुमारास लाओत्सेचं चरित्र लिहिणाऱ्या चिनी इतिहासकार सिमा छियानलाच खात्री नव्हती; तो एकाऐवजी तीन माणसांची नावं देतो. चीनमधल्या ग्वोदियानच्या थडग्यात १९९३ साली या ग्रंथाचा बांबूच्या पट्ट्यांवरचा मजकूर सापडला. तो इ.स.पू. ३०० च्या आसपासचा, पण त्यात आजच्या ८१ अध्यायांचा काही भागच आहे आणि क्रमही वेगळा. मावांगदुई इथे सापडलेल्या रेशमी प्रतींमध्ये तर ग्रंथाचा उत्तरार्ध आधी येतो. म्हणजे हे पुस्तक हळूहळू घडत गेलं. यिन आणि यांग हे शब्द त्यात फक्त ४२व्या अध्यायात आहेत, आणि दोन माशांसारखं ते गोल चिन्ह दीड हजारांहून जास्त वर्षांनी आलं.

‘काही करू नका’. सर्वांत जास्त नुकसान या गैरसमजाने केलं आहे. ताओचा साधा अर्थ वाट. सातव्या शतकात कामरूपच्या राजासाठी या ग्रंथाचं संस्कृत भाषांतर करायचं ठरलं, तेव्हा ताओपंथी पंडितांना ‘ताओ’साठी ‘बोधी’ हा शब्द हवा होता. ह्युएन त्संगने ‘मार्ग’च धरून ठेवला. वाट चालावी लागते. ज्या ‘वू वेइ’ शब्दाचा अर्थ ‘काही न करणं’ असा लावतात, तो म्हणजे जबरदस्ती न करता केलेली कृती, आणि ती कशी दिसते हे ताओ परंपरेतल्याच ‘च्वांगत्सी’ या ग्रंथातल्या दिंग नावाच्या स्वयंपाक्याच्या गोष्टीत नीट कळतं. सामान्य स्वयंपाकी दर महिन्याला सुरी बदलतो, कारण तो हाडावर घाव घालतो. चांगला वर्षाला बदलतो, कारण तो कापतो. दिंगची सुरी १९ वर्षांची आहे, तिने हजारो बैल कापले, तरी धार नुकतीच लावल्यासारखी. सांध्यात फट असते आणि धारेला जाडी नसते, म्हणून ती आत सहज फिरते. पण अवघड गाठ आली की तो सावध होतो, नजर एकाच जागी ठेवतो, हात मंद करतो, सुरी अगदी किंचित हलवतो. हे वाहत जाणं नव्हे, वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेलं कसब आहे. ‘ताओ ते चिंग’चा ६०वा अध्यायही राज्यकर्त्याला हेच सांगतो: मोठं राज्य चालवणं म्हणजे बारीक मासे शिजवणं. सारखे ढवळले की त्यांचा चुरा होतो. आणि ६३वा अध्याय म्हणतो, अवघड काम सोपं असतानाच हाती घ्या.

देव, विधी, नियम. इ.स. १४२ मध्ये सिचुआनमधल्या डोंगरावर लाओत्सेने देवरूपात दर्शन दिलं, या श्रद्धेवर च्यांग दाओलिंगने दिव्य गुरूंचा पंथ उभारला. २४ केंद्रं होती, आणि वर्गणी पाच माप तांदूळ, म्हणजे साधारण १० लिटर. आजारी माणसाला शांत खोलीत बसवून आपल्या चुका आठवायला लावत. मग कबुलीजबाब तीन प्रतींत लिहायचा: आकाशासाठीचा डोंगरावर ठेवायचा, पृथ्वीसाठीचा पुरायचा, जलासाठीचा पाण्यात सोडायचा. नियम नाहीत म्हणणाऱ्यांनी पुरोहितांसाठीची १८० व्रतं पाहावीत. विनाकारण झाडं तोडू नयेत, नदी-तळ्यात विष टाकू नये, असं त्यात स्पष्ट आहे. आजही च्वानचन शाखेचे संन्यासी ब्रह्मचर्य आणि शाकाहार पाळतात. चंगयी शाखेचे पुरोहित मात्र लग्न करून घरी राहतात.

भेसळ. ग्रंथ शुद्ध आणि मंदिर अशुद्ध, ही विभागणी १९व्या शतकातल्या युरोपीय मिशनऱ्यांनी आणि भाषांतरकारांनी रूढ केली. त्यांना पुस्तक आवडलं, पूजा खटकली. चिनी भाषेत विचारपरंपरेसाठी ‘दाओच्या’ आणि धर्मासाठी ‘दाओच्याओ’ असे दोन शब्द आहेत खरे, पण पहिला मुळात ग्रंथांचं वर्गीकरण करणाऱ्यांचा. त्याच दिव्य गुरूंच्या पंथात पुरोहित अनुयायांकडून ‘ताओ ते चिंग’चं पठण करून घेत. १४४५ साली छापलेल्या ताओ ग्रंथसंग्रहात तत्त्वचिंतन, पूजाविधी, औषधं आणि श्वसनाचे प्रयोग एकत्रच आहेत. तैवानमध्ये मंदिराच्या मोठ्या ‘च्याओ’ अनुष्ठानात एक विधी दिव्यांचा असतो. मंदिरातले सगळे दिवे मालवतात, नवा अग्नी बाहेरून आत आणतात आणि तीन परमदेवांसमोरचे पहिले तीन दिवे त्यावर लावतात. हे तीन दिवे उजळताना पुरोहित ४२व्या अध्यायातले शब्द म्हणतात: ताओपासून एक, एकापासून दोन, दोनापासून तीन, आणि तिनापासून सारी सृष्टी.