रेन-ल-शातोमधलं न सापडलेलं गुप्तधन

दक्षिण फ्रान्सच्या ओद भागात टेकडीवर वसलेलं रेन-ल-शातो हे जेमतेम शंभरेक वस्तीचं गाव. त्याची एक गोष्ट पुन्हा पुन्हा फिरते: फादर बेराँजे सोनिएर 1885 मध्ये इथे आले, चर्चच्या डागडुजीत पोकळ खांबात त्यांना जुनी चर्मपत्रं सापडली, त्यावरून खजिना मिळाला आणि येशूच्या वंशाचं गुपितही कळलं.

खजिना नव्हता, तर गरीब धर्मगुरूने बंगला आणि मग्दाला बुरूज बांधला कसा, असं विचारतात. पैसा टपालाने येत होता. मृतांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून लोक धर्मगुरूला मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना-उपासना, म्हणायला सांगतात, त्यासाठी पैसे देतात. सोनिएर दूरदूरहून असे पैसे मागवत, आणि एका माणसाला आयुष्यभरात म्हणता येणार नाहीत एवढ्या मिस्सांचे पैसे त्यांनी घेतले. याच व्यवहारावरून बिशपने त्यांच्यावर खटला भरला, 1911 पर्यंत तो चालला आणि ते दोषी ठरले. पुढे त्यांना कर्ज काढावं लागलं. हंडा सापडलेला माणूस कर्ज कशाला काढेल?

चर्मपत्रांची मूळ प्रत कुणीच दाखवलेली नाही. ती आपण तयार केली, हे फ्रेंच लेखक फिलिप द शेरिझे यांनी स्वतःच कबूल केलं. येशूच्या वंशाचं गुपित राखते असं सांगितली जाणारी, 1099 पासूनची म्हणवली जाणारी 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संघटना शेरिझे यांचे साथीदार पिएर प्लांतार यांनी 1956 मध्ये सरकारदरबारी नोंदवली होती. खजिन्याची कथाही त्याच वर्षी वर्तमानपत्रातून गाजली. सोनिएर यांची मालमत्ता घेऊन तिथे हॉटेल काढणाऱ्या नोएल कोर्ब्यू यांनी ती सांगितली होती. गिऱ्हाईक कुणाला हवं होतं, हे वेगळं सांगायला नको.

चर्चच्या दारावरच्या 'तेरिबिलिस एस्त लोकुस इस्ते' या ओळीचा तर फारच विपर्यास झाला आहे. 'ही जागा भयंकर आहे' असा अर्थ लावून लोक घाबरतात. हे बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातले याकोबाचे शब्द आहेत, 'किती धाक वाटावा असं हे स्थान' या भावाचे. नव्या चर्चच्या समर्पणाच्या मिस्सात ते पूर्वापार म्हटले जातात. आतल्या रंगीत मूर्तीही तुलूजच्या कारखान्यातून मागवलेल्या, त्या काळच्या खेडोपाडीच्या चर्चमध्ये दिसणाऱ्या धाटणीच्या. मला त्या फार आवडतात. एका खेड्याची भक्ती त्यांत दिसते, आणि लोक मात्र त्यांत सांकेतिक खुणा शोधत बसतात.

या शोधाची झळ गावाला बसली. जागोजागी खड्डे पडू लागले, तेव्हा 1965 मध्ये गावाने उत्खननावर बंदी घातली. 2004 मध्ये तर सोनिएर यांचे अवशेषच दफनभूमीतून हलवून त्यांच्या बागेत पुरावे लागले.