पट्टा पडल्यावर परत येणारी पोरं

आमच्या भागात गैरहजेरीचं कारण विचारलं की उत्तर तयार असतं, 'आईबाप ऊसतोडीला गेलेत.' खोटं नाही ते. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलेल्या कुणालाही विचारा. दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या लागतात, दिवाळीच्या आगेमागे तांडे आणि वस्त्या रिकाम्या होतात. पट तोच राहतो आणि वर्ग अर्धा होतो.

मुलं का जातात ते कळतं. मला कोडं पडतं ते मार्च-एप्रिलचं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, बिऱ्हाडं गावात आली, कोयता वळचणीला खोचला गेला, शाळा चालू आहे, घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी पोरगं पारावर नाहीतर शेळ्यांमागं. का?

माझं मत सांगतो, कुणाला पटो न पटो. ते येत नाही, कारण शाळेत आता आपलं काही उरलं नाही असं त्याला वाटतं. त्याच्या जागेवर दुसरा बसलाय. त्याच्या जोडीदाराला नवा जोडीदार मिळालाय. पुस्तक शेवटच्या धड्यांवर आलंय. आणि दारात पाऊल टाकताच गुरुजी म्हणतात, 'आले का पाहुणे!' मायेनंच म्हणतात हो, पण सगळा वर्ग हसतो. दहा वर्षांच्या मुलाला त्यातली माया कळत नाही, हसू तेवढं कळतं.

त्यानंतर चाचणी. पाच महिने फडात धाकट्या भावाला सांभाळलेल्या, पहाटे गाडी भरताना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा केलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी उतारा वाचायला लावायचा आणि 'याची पातळी दुसरीची' असा शेरा मारायचा. मग चौथीतला हा गडी दुसरीतल्या बहिणीशेजारी बसून बाराखडी गिरवणार. तो उद्या पुन्हा येईल अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर मूल त्याच्या वयाच्या वर्गातच बसवायला सांगितलंय आणि मागं राहिलेल्यासाठी वेगळं प्रशिक्षण द्यायला. कायदा करणाऱ्यांना हे कळलं होतं, वर्गात पोचेपर्यंत कुठंतरी सांडलं.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. हंगामी वसतिगृहांमुळे कितीतरी मुलं आजी-आजोबांजवळ गावात राहिली. पोषण आहारानं मुलं टिकली, हे कुणीही शिक्षक मान्य करील. शिक्षण हमी कार्डामुळे कारखान्याजवळच्या शाळेत दाखल होता येतं. पण दाखल होणं वेगळं. तिथं चार महिने शेवटच्या रांगेत बसून 'बीडवाला' एवढंच नाव घेऊन परत आलेली पोरं मी पाहिलीत. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना हजेरीसाठी रोज एक रुपया भत्ता सुरू झाला, तीस वर्षं उलटली तरी रुपयाचा रुपयाच. त्यावर न बोललेलं बरं.

गंमत बघा, राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता तोही महिना एक रुपया. भाषणांत सगळे हाच हुकूम सांगतात. मला त्यांचा १९१९ चा हुकूम जास्त मोठा वाटतो. अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत, सगळ्यांबरोबर घ्यायचा. पहिल्यानं मूल शाळेपर्यंत आणलं, दुसऱ्यानं शाळा त्याची केली. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी तर आदिवासी पोरं गुरांमागं जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. 'पालक उदासीन आहेत' असं कारण लिहून त्या मोकळ्या झाल्या नाहीत.

आमच्याकडे जे करतो त्यात थोर काही नाही. गेलेल्या मुलाचं नाव हजेरीत रोज पुकारायचं. मोबाईलवर हजेरी भरून काम भागतं, पण नाव पुकारलं की वर्गातून कुणीतरी ओरडतं, 'सर, तो माळेगावकडं हाय!' त्याची वही कपाटात ठेवायची. अधूनमधून बापाच्या फोनवर वर्गातल्या पोरांनाच बोलू द्यायचं, बाई-गुरुजींनी मध्ये पडायचं नाही. परत आल्यावर पहिला आठवडा चाचणी नाही. फडावरचं गणित त्यालाच विचारायचं: एका गाडीत किती मोळ्या, टनाला भाव काय, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल कशी फिटते. हिशोबात तो आमच्या हुशार मुलांना मागं टाकतो, आणि वर्ग पहिल्यांदा त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो. तांड्यावरच्या मुलींशी गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, दोन शब्द बोलले तर त्या आधी लाजतात, मग माझे उच्चार सुधारत बसतात. एवढं केल्यानं सगळी येतात का? नाही. ज्या मुलीचं लग्न ठरलंय, जिच्या अंगावर घर पडलंय, तिला वही राखून ठेवल्यानं आणता येत नाही. तिथं प्रश्न पैशाचा आणि पोटाचाच आहे.

काहीजण म्हणतील, दोन शिक्षकांनी चार वर्ग बघायचे, वर ऑनलाइन माहिती भरायची, त्यात हे लाड कधी करायचे? कामाचा बोजा खरा आहे, त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण 'आले का पाहुणे' न म्हणायला वेळ लागत नाही.

आणि एक. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च बैठका होतात तेव्हा ऊसतोड पालक फडात असतो, त्यामुळे त्याच्या मुलाबद्दलचे ठराव त्याच्याशिवाय होतात. तुमच्यापैकी कुणी समितीवर असाल तर एक बैठक एप्रिलच्या शेवटी ठेवा, संध्याकाळी, तांड्यावरच. विषय एकच घ्या: परत आलेली मुलं कोणत्या वर्गात, कुणाशेजारी बसणार.