थ्रोवर ऑफसाईड नसतो राजेहो!

रविवारी पुतण्याची १४ वर्षांखालची फुटबॉल मॅच पाहायला गेलो होतो, आपल्या नागपुरातलीच. शून्य-शून्य, शेवटची पाच-सात मिनिटं, बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला अन् हातानं आत फेकायचा थ्रो आमचा. पुतण्या त्यांच्या शेवटच्या बॅकच्याही (बचाव करणाऱ्या गड्याच्याही) पुढं, गोलजवळ जाऊन उभा, थ्रो सरळ त्याच्या पायात, एक टच अन् गोल! पोरं नाचायला लागली तर तिकडे लाईन्समनचा, म्हणजे रेषेवरच्या पंचाचा फ्लॅग वर. ऑफसाईड म्हणे, म्हणजे बॉल त्याच्याकडे सुटला तेव्हा पोरगं शेवटच्या बॅकच्याही पुढं होतं. रेफ्रीनंही गोल रद्द केला. अन् मला सगळ्यात जास्त काय लागलं तर आमचाच कोच पोरावर ओरडला, "तिथं काऊन उभा राह्यला बे?" पोरगं रडवेलं झालं. अरे पण ते बरोबर उभं होतं ना!

नियम एकदम साधा आहे. थ्रो-इन, कॉर्नर अन् गोलकिक, म्हणजे बॉल बाहेर गेल्यावर खेळ सुरू करायचे प्रकार, या तिन्हींचा बॉल डायरेक्ट तुमच्याकडे आला तर ऑफसाईड नाही, तुम्ही कुठंही उभे असा. फाऊल झाल्यावरच्या फ्री-किकला मात्र ही सूट नाही, अन् गडबड बहुतेक तिथंच होते, लोकं दोन्ही एकच समजतात. थ्रोची ही सूट १९२० पासून आहे. त्याआधी थ्रोवरही ऑफसाईड धरायचे, मग दबावात आलेली टीम सरळ बॉल बाहेर मारायची अन् समोरच्याचा अटॅक तिथंच मरायचा.

पण सूट फक्त त्या पहिल्या पासपुरती, हे पोरांना नीट सांगा. थ्रो आला, तुमच्या गड्यानं हेडरनं पुढं फ्लिक केला, त्याक्षणी तुम्ही बॅकच्या पुढं असाल तर ऑफसाईड. इंग्लंडच्या स्टोक सिटी क्लबचा रोरी डेलॅप पार गोलसमोर थ्रो फेकायचा, २००८ मध्ये आर्सेनलला त्यांनी २-१ नं हरवलं तेव्हा दोन्ही गोल त्याच्याच थ्रोवरून आले होते. असा लांब थ्रो असला की लाईन्समननं पहिल्या टचला नाही, दुसऱ्याला डोळे लावून राहायला पाहिजे. अन् एक गोष्ट तर कोणीच पाहत नाही, थ्रो फेकणारा स्वतः! फेकून तो आत येतो, शेवटच्या बॅकच्याही पुढं असतो, बॉल परत त्यालाच मिळतो, तो खरा ऑफसाईड, अन् तेव्हा फ्लॅग खाली.

कामठीपासून मोमीनपुऱ्यापर्यंत आपल्याकडं पोरं फुटबॉलसाठी जीव टाकतात. सगळे गरिबाघरचे, फाटक्या बुटांवर खेळून राह्यले. त्यांचा खरा गोल मोठ्या माणसांना नियम माहीत नाही म्हणून जाणार असेल तर मला ते सहन होत नाही, स्पष्ट सांगतो. लाईनवर कोणालाही उभं करायच्या आधी दहा मिनिटं बसवून फुटबॉलचा अकरावा, म्हणजे ऑफसाईडचा नियम वाचून घ्या, एवढंच मागणं आहे.

घरी आल्यावर पुतण्याला मोबाईलवर तो नियम वाचून दाखवला. दोनदा वाचला त्यानं. मग म्हणे, "काका, मंग पुढच्या थ्रोला मी तिथंच थांबू?" म्हटलं तिथंच थांब. कोच सरांना भेटायला मी बुधवारी प्रॅक्टिसला जातोय.