आधी हातात बल्ब, मग पडद्यावर

नमस्कार ताई,

सहावीला विद्युत परिपथ पडद्यावर शिकवल्याबद्दलच्या माझ्या गेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "सेल आणि टॉर्चचा बल्ब एवढ्या स्वस्तात मिळत असताना मुलांना पडद्यावरचा बल्ब पेटवायला लावणं हा खेळ झाला, विज्ञान नव्हे," असं तुम्ही लिहिलंत. त्यातलं अर्धं मला पटलंय, आणि ते पटवलं माझ्याच वर्गातल्या एका मुलीने.

त्या लेखात लिहिल्याप्रमाणे विद्युत परिपथ मी सहावीला थेट 'फेट'च्या सिम्युलेशनवर, म्हणजे पडद्यावर करून बघायच्या आभासी प्रयोगावर, दाखवला. (भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत.) त्यात तारेतून निळे गोळे सरकताना दिसतात, ते इलेक्ट्रॉन. दुसऱ्या दिवशी खरी वायर आणली, तर या मुलीने ती सोलून बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, "सर, आत निळं काहीच नाही." ते गोळे समजण्यापुरतं काढलेलं चित्र आहे, हे मी सांगितलंच नव्हतं. शिवाय पडद्यावर तारा जवळ नेल्या की आपोआप जुळतात. खरी तार बल्बच्या बुडाला आणि बाजूच्या धातूला नीट टेकवावी लागते, हात हलला की बल्ब विझतो. परिपथ तुटतो म्हणजे काय, हे त्या विझण्यातून कळतं. तेव्हापासून माझ्या वर्गात बल्ब आधी.

'खेळ' या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. सेलची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडली तर तार तापते, सेल उतरतो, आपण "असं करू नका" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. पडद्यावर बॅटरी पेट घेते. मूल तार काढतं, मध्ये बल्ब घालतं, पुन्हा बघतं. दोन बल्ब एकामागे एक जोडल्यावर उजेड का घटला, हा प्रश्न मग तेच विचारतं.

आणि फोन म्हणजे फक्त पडदा नाही, ते मोजायचं साधनही आहे. जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठाने केलेलं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप माइकमधून येणाऱ्या आवाजाची वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात, ते दाखवतं. आम्ही परिपाठाची पेटी वर्गात आणली. एका मुलाने आधी मध्य सप्तकातला सा धरला, मग तार सप्तकातला. आकडा दुप्पट झाला. भजनाला बसणारा मुलगा तो, त्याने लगेच मंद्र सा वाजवून आकडा निम्मा होतो का ते पाहिलं. झाला. त्याला हे करायला मी सांगितलं नव्हतं. ताई, याला मी प्रयोगच म्हणेन.

घरी फोन नसलेल्या मुलांबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. म्हणून फोनवरचा गृहपाठ मी देत नाही. माझा फोन आणि शाळेचा टॅब, पाच-सहा जणांचे गट, सगळं वर्गातच.

तुम्ही इतकी वर्षं हा पाठ खऱ्या साहित्यावर घेतलात. चाळीस मुलांत सेल पुरवायचे कसे आणि ते लवकर उतरू नयेत म्हणून तुम्ही काय करत होतात, ते सविस्तर लिहाल का? पुढच्या महिन्यात हाच पाठ पुन्हा घ्यायचा आहे.