‘रविवारी कबुली, सोमवारी पुन्हा पाप’: एका संदेशाचा प्रतिवाद

ठाण्यातील अनेक गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ख्रिस्ती धर्मातील क्षमेविषयीचा एक संदेश सध्या फिरत आहे. त्याचे म्हणणे असे की, ख्रिस्ती माणसाने आठवडाभर वाटेल ते करावे, रविवारी फादरना सांगावे आणि मोकळे व्हावे. पूर्वी ही माफी पैसे घेऊन विकली जात होती. येशूने सर्वांची शिक्षा आधीच भोगल्याने कोणावर जबाबदारीच उरत नाही. आणि म्हणून हा धर्म गुन्हेगाराला पाठीशी घालतो व अन्याय सोसणाऱ्याला गप्प बसवतो. मासुंदा तलावाजवळच्या चर्चमध्ये माझ्याबरोबर मिस्साला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, येणाऱ्या काही तरुणांनीही हा संदेश मला पाठवला आणि यावर काय उत्तर द्यावे, असे विचारले. मी कॅथलिक आहे, त्यामुळे पुढील विवेचन प्रामुख्याने कॅथलिक शिकवणुकीच्या आधाराने केले आहे.

फादरपुढे पापे सांगण्याची प्रथा सर्व ख्रिस्ती लोकांत नाही. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत माणूस थेट देवापुढे आपली पापे कबूल करतो. कॅथलिक चर्चमध्ये ती आहे, परंतु तिथेही केवळ सांगून भागत नाही. ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५५१ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे पापे कबूल करण्याच्या या धर्मविधीत येणाऱ्याकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात: मनापासूनचा पश्चात्ताप, पापांचे निवेदन आणि प्रायश्चित्त. पुन्हा तसे न वागण्याचा निश्चय पश्चात्तापातच धरलेला आहे. त्यामुळे सोमवारी तेच करायचे असे मनाशी ठरवून जो रविवारी येतो, त्याच्यासाठी फादरनी अजाणता क्षमेचे शब्द उच्चारले तरी ते निष्फळ ठरतात. निश्चय प्रामाणिक असूनही जो पुन्हा घसरतो, त्याची गोष्ट वेगळी आहे. अशा दुबळ्या माणसासाठी दार उघडे असते, आणि ते उघडे असावे असेच मला वाटते.

या संदेशात नुकसानभरपाईचा उल्लेखच नाही, आणि हीच त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. समजा, नौपाड्यातील एखाद्या घरमालकाने भाडेकरूची अनामत रक्कम बुडवली आणि नंतर त्याला उपरती झाली. चार प्रार्थना म्हटल्याने तो सुटत नाही. ती रक्कम परत करणे त्याच्यावर बंधनकारक राहते. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की, क्षमेने पाप दूर होते, पण पापाने घडवलेले सारे बिघाड दुरुस्त होत नाहीत. म्हणून चोरलेले परत करावे, ज्याची बदनामी केली त्याची अब्रू सावरावी, इजा झाली असेल तर भरपाई द्यावी. याचे मूळ शुभवर्तमानातच, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रकथनातच, आहे. यरीहोचा जकातदार जक्कय येशूला घरी घेऊन जातो, तेव्हा आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याची घोषणा तो करतो. वेदीपाशी अर्पण आणले असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो.

माफी विकण्याच्या मुद्द्यातील इतिहास खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या दंडमुक्तीपत्रांचा बाजार लाजिरवाणा होता आणि जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये त्याविरुद्ध उठवलेला आवाज रास्त होता. ती पत्रे सिद्धान्ततः पापक्षमेची नव्हती, तर क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या तात्पुरत्या दंडाबाबतची, म्हणजे क्षमेनंतरही भोगाव्या लागणाऱ्या शिक्षेबाबतची होती. पण विकणाऱ्यांनी हा फरक लोकांपासून लपवला. पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये पैशाच्या व्यवहाराशी जोडलेल्या अशा सर्व सवलती रद्द केल्या.

येशूने शिक्षा भोगल्याने जबाबदारी उरत नाही, हा तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यात एक अर्धसत्य दडलेले आहे. देवाची क्षमा कमावता येत नाही, ही ख्रिस्ती श्रद्धा आहे. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात घरी परतलेला मुलगा आपली कबुली उच्चारण्याआधीच बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. पश्चात्ताप ही त्या क्षमेची किंमत नव्हे. परतलेल्या मुलाने घरात पाऊल ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु फुकट मिळाले म्हणजे जबाबदारी संपली, हा तर्क पहिल्या शतकातही कोणी तरी मांडत असावे, कारण कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावे काय, असा प्रश्न येशूचा प्रेषित पौल बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित करतो आणि त्याला ठाम नकार देतो. व्यभिचाराच्या आरोपाखाली आणलेल्या स्त्रीला येशू दोषी ठरवत नाही, पण यापुढे पाप करू नको, असे बजावूनच तिला निरोप देतो. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ मध्ये पश्चात्तापाविना दिलेल्या क्षमेला ‘स्वस्त कृपा’ म्हणून तिच्यावर कठोर टीका केली. ते पुढे हिटलरविरोधामुळे १९४५ मध्ये फासावर गेले.

क्षमेमुळे गुन्हेगार सुटतो का, याचे उत्तर आपल्याच देशात आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जीपमध्ये जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि पुढील काही वर्षे बारीपदा येथे कुष्ठरुग्णांमध्ये काम सुरू ठेवले. तरीही खटला चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या अली आग्जाला काही दिवसांतच क्षमा केली, १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. तो मात्र २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. सूडाची इच्छा सोडून देणे हे अन्याय सोसलेल्या व्यक्तीच्या हाती असते, तर समाजाच्या रक्षणासाठी शिक्षा देणे हे राज्यसंस्थेचे काम असते. पहिली गोष्ट केली म्हणून दुसरी रद्द होत नाही.

अन्याय सोसणाऱ्याला गप्प बसवले जाते, या आरोपावर मात्र मी केवळ बचाव करणार नाही. जगभर अनेक ठिकाणी चर्चमधील अधिकाऱ्यांनी क्षमेचे नाव घेऊन लैंगिक अत्याचार दडपले, आणि ते पाप आहे. पण ते शिकवणुकीचे पालन नव्हते, तिचा भंग होता. भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखवावा, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा करावी, असे येशू लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात सांगतो, म्हणजे अपराधाला अपराध म्हणणे आधी येते. झालेला घाव विसरणे किंवा त्याची वेदना न जाणवणे आपल्या हाती नाही, हे धर्मशिक्षणग्रंथही मान्य करतो. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला मनाने क्षमा केलेल्या स्त्रीने त्याच्याच घरात राहिले पाहिजे, असेही नाही. जीविताला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचा आधार चर्चच्या कायद्याचे ११५३ वे कलम देते. मुलांवरील अत्याचाराबाबत २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याचे १९ वे कलम माहिती मिळालेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकते. म्हणून पीडित मुलीच्या आईला ‘आपण ख्रिस्ती आहोत, क्षमा करा आणि तक्रार देऊ नका’ असे सांगणारा माणूस, मग तो कोणत्याही पदावर असो, कायदा मोडत असतो आणि येशूच्या तोंडी त्याने कधीही न उच्चारलेले वाक्य घालत असतो.