‘ण’ने सुरू होणारा शब्द दाखवा

माझ्या भाचीने वहीत अनुप्रासाचं उदाहरण म्हणून ज्ञानेश्वरांची ओळ लिहिली होती: ‘घनु वाजे घुणघुणा, वारा वाहे रुणझुणा’. काल ती खोडली. का, तर व्हॉट्सॲपवर अलंकारांचं एक फॉरवर्ड फिरतंय. त्यात म्हणे, सगळे शब्द एकाच अक्षराने सुरू झाले तरच अनुप्रास. शिवाय तो इंग्रजीतून आला, यमक आणि अनुप्रास एकच, आणि सगळा नुसता शब्दखेळ.

पहिल्याच मुद्द्यावर माझं डोकं फिरलं. ‘ण’ने सुरू होणारा एक मराठी शब्द दाखवा. बरं, ‘ळ’ने? म्हणजे या नियमाने खळखळ, सळसळ, झुळझुळ यांतला ळ अनुप्रासातून बाद! खोडलेली ओळ जरा मोठ्याने म्हणून बघा. घ तीनदा, व तीनदा आणि ण चारदा. तो ण एकदाही शब्दाच्या सुरुवातीला नाही, तरी ढगाची घुमघुम कानात राहते ती त्याच्यामुळेच.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अनुप्रासाची व्याख्या केली ती एवढीच: ‘वर्णसाम्यमनुप्रासः’. वर्ण सारखे हवेत, बस. ते शब्दात कुठे यावेत याची अट नाही. स्वर वेगळे असले तरी व्यंजन जुळलं की झालं, हेही त्याने लगेच सांगून टाकलंय. म्हणून ‘घ’ आणि ‘घु’ एकाच पंगतीत.

हा ग्रंथ अकराव्या शतकातला आहे, त्यामुळे इंग्रजीचा मुद्दा इथेच निकालात निघतो. हां, इंग्रजीत भर बहुतेक सुरुवातीच्या ध्वनीवर असतो, तेवढं कबूल. जुन्या इंग्रजीतल्या ‘बेओवुल्फ’ या महाकाव्याची ओळ त्यावरच बांधलेली आहे. तिथला नियम उचलून कुणीतरी मराठीला चिकटवला असणार.

यमकाबद्दल काय बोलायचं? मराठीत आपण यमक म्हणतो ते चरणाच्या शेवटी जुळतं. अनुप्रास ओळीत कुठेही येतो. ‘घुणघुणा–रुणझुणा’त दोन्ही आहेत, म्हणून ते एक होत नाहीत.

शब्दखेळाचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. ‘कच्चा पापड, पक्का पापड’मध्येही वर्ण जुळतात, पण ती जिभेची कसरत झाली. मम्मट म्हणतो, वर्णांची मांडणी रसाला धरून हवी. ज्ञानेश्वरांची ती ओळ एका विरहिणीतली, म्हणजे विरहात झुरणाऱ्या स्त्रीच्या गाण्यातली. त्यातच पुढे ‘चांद वो चांदणें, चांपे वो चंदनु’ येतं. एकामागून एक सुखाच्या वस्तू ‘च’वर ठेका धरून येतात आणि लगेच कळतं की देवकीनंदनाविना तिला त्यातलं काहीच नको आहे. (आणि हो, इथे च सुरुवातीलाच आहे. तेही चालतं, फक्त सक्ती नाही.)

भाचीने ओळ पुन्हा लिहिली. मग विचारते, ‘मामा, मॅडमनीही तेच फॉरवर्ड वाचलं असेल तर?’

म्हटलं, त्यांना ‘ण’चा शब्द विचार.