टेस्टरला वाटेला लावायचे काही अनुभवसिद्ध उपाय

सॉफ्टवेअर लोकांच्या हाती द्यायच्या, म्हणजे रिलीजच्या तोंडावर ते तपासणारा टेस्टर त्यातली चूक, म्हणजे बग घेऊन येतो. त्याचा स्वभावच तो, त्याला इलाज नाही. तुम्ही मोठ्या कंपनीत डेव्हलपर असाल, लीड असाल किंवा कॉलवर म्यूट होऊन बसणारे मॅनेजर असाल, तर हा उपद्रव आवरायचा कसा हे तुम्हाला यायलाच हवं. गेल्या आठवड्यात आमच्याकडे हे उपाय इतके बिनचूक वापरले गेले की ते आमच्याच मजल्यापुरते ठेवणं म्हणजे कंजूषपणा झाला असता. तेव्हा घ्या लिहून.

सुरुवात 'माझ्या मशीनवर चालतंय'ने करावी. जुना उपाय आहे, पण गुण येतो.

तपासायची नवी आवृत्ती, म्हणजे बिल्ड, शुक्रवारी संध्याकाळीच द्यावं. सोबत 'सोमवारी सकाळी साइन-ऑफ हवा' (म्हणजे सगळं तपासून मंजुरी हवी) असं प्रेमाने लिहावं आणि शेवटी हसरा चेहरा टाकायला विसरू नये.

रिक्वायरमेंट तोंडी बदलावी, शक्यतो चहाच्या टपरीवर. टेस्टरने विचारलंच तर म्हणावं, "अरे, ते तर ठरलं होतं ना!"

सिव्हिरिटीचं, म्हणजे बग किती गंभीर हे ठरवायचं काम जरा कसबाचं. टेस्टरने 'क्रिटिकल' लिहिलं की तुम्ही 'मेजर' करा, दोन दिवसांनी 'मायनर' आणि रिलीजच्या आदल्या रात्री 'पुढच्या स्प्रिंटमध्ये (म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्यात) बघू'. बग जागचा हललेला नसतो, रकान्यातला शब्द तेवढा नरमतो. डॅशबोर्ड हिरवागार होतो आणि क्लायंटच्या जिवाला थंडावा मिळतो.

'छोटासाच चेंज आहे, रिग्रेशन कशाला?' हे वाक्य पाठ असू द्यावं. (रिग्रेशन म्हणजे बदल केल्यावर जुनं सगळं पुन्हा तपासणं.) १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं असंच एक अपडेट जगभर गेलं होतं. सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बसली आणि आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली. पण ते त्यांचं झालं, आपला चेंज खरंच छोटा आहे. याचंच भावंड म्हणजे 'जुना कोड आहे, इतकी वर्षं चालतोय'. एरियान ५ रॉकेटमध्येही एरियान ४चा चालता कोड तसाच उचलून घातला होता. नवं रॉकेट जास्त वेगवान, त्यामुळे ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावेना. ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत सगळं आकाशात फुटलं. नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे घालून तो भाग तपासलाच नव्हता. तेवढा वेळ वाचला, हे मात्र मान्य करायला हवं.

आता हुकमी एक्का. 'युजर असं कधी करणारच नाही.'

आमच्या अ‍ॅपवर वीजबिल भरता येतं. टेस्ट बिल्ड माझ्या फोनमध्ये होतं. मरोळ नाक्याला मेट्रो वनमधून उतरून मेट्रो थ्रीकडे जाताना सरकत्या जिन्यावर मी 'पैसे भरा' दाबलं. जिना खाली, नेटवर्क गायब. (मेट्रो थ्रीच्या नेटवर्कबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका, बीपी वाढतं.) चक्र फिरत राहिलं. उत्तर येईना म्हणून अ‍ॅपने आपणहून रिक्वेस्ट पुन्हा पाठवली, आणि तीही नवा ट्रान्झॅक्शन आयडी लावून. सर्व्हरच्या लेखी ही दोन वेगळी पेमेंट्स. पैसे दोनदा कटले.

मी जिरामध्ये, म्हणजे आमच्या बगांच्या नोंदवहीत, बग टाकला. स्क्रीन रेकॉर्डिंग, लॉग, दोन्ही आयडी, कुठल्या जिन्यावर उभी होते तेसुद्धा. वर इलाजही लिहिला, की पुन्हा पाठवताना पहिलाच आयडी पाठवा, म्हणजे रिक्वेस्ट एकच आहे हे सर्व्हरला कळेल. यात माझी काही थोर अक्कल नाही, पेमेंटचं काम करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. असायला हवं.

उत्तर आलं, 'नॉट रिप्रोड्युसिबल', म्हणजे आमच्याकडे असं होतच नाही. कारण डेव्हलपर साहेबांनी आठव्या मजल्यावर, ऑफिसच्या वायफायवर, खुर्चीत रेलून करून बघितलं होतं. मी म्हटलं, एअरप्लेन मोड चालू करून बघा, इथेच दिसेल. तर म्हणे, "मॅडम, बिल भरताना कोण एअरप्लेन मोड लावतं?" मी म्हटलं, कुणी लावत नाही, नेटवर्क आपलं आपण जातं. "मग तो नेटवर्कचा इश्यू झाला ना, आपला नाही." क्लोज्ड. मी पुन्हा उघडला. पुन्हा क्लोज्ड, या खेपेस 'प्लीज रीओपन करू नका' अशी कॉमेंट आणि सीसीत माझा मॅनेजर.

अहो, या शहरात माणूस निवांत बसून बिल भरतो कधी? लोकलच्या दारात एका हाताने दांडा धरून भरतो, रिक्षात भरतो, लिफ्टमध्ये शिरता शिरता भरतो, शेवटची तारीख उलटायला तासभर उरला असताना भरतो. ज्याचं नेटवर्क कधी जातच नाही असा युजर तुम्हाला भेटला कुठे?

असो. रिलीज झालं, बिलांच्या तारखा आल्या आणि कस्टमर केअरचे फोन वाजायचे थांबेनात. रात्रभर जागून हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती, टाकला गेला. काय होतं त्यात? पहिलाच ट्रान्झॅक्शन आयडी पुन्हा पाठवायचा. हॉटफिक्स लिहिणाऱ्याला टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या सभेत, स्पॉट अवॉर्ड मिळालं, व्हाउचरसकट. बग क्लोज करणाराही तोच, पण टाळ्यांच्या कडकडाटात असले तपशील कोण काढतो?

मग आरसीएची, म्हणजे चुकीचं मूळ कारण शोधायची मीटिंग. तिथे पहिलाच प्रश्न टाकावा, 'टेस्टिंगमधून हे सुटलं कसं?' टेस्टरने स्क्रीन शेअर करून तारखेसकट तो क्लोज केलेला बग दाखवला, तर लगेच समजूतदार आवाजात म्हणावं, "आपण ब्लेम गेममध्ये जायला नको." आणि अ‍ॅक्शन आयटममध्ये लिहावं: टेस्टिंग टीमला नेटवर्क टेस्टिंगचं ट्रेनिंग.

ट्रेनिंग. मला!

खड्ड्यात गेले उपाय. ज्यांचे पैसे दोनदा कटले त्यांत पेन्शनवर महिना काढणारी माणसं होती. त्यांना तुमचा स्प्रिंट कळत नाही. 'पाच ते सात वर्किंग डेज' असं सांगून त्यांचा फोन ठेवून दिलात, तेवढ्या दिवसांत दूधवाल्याला आणि औषधवाल्याला काय सांगायचं तेही सांगायचं होतंत. टेस्टरने बग काढला की तुमचा अपमान कसला होतो? तुमच्या घरची माणसं हेच अ‍ॅप वापरत नाहीत का? दर टाउनहॉलला ऐकवता, ऑटोमेशन आणू, एआय आणू, टेस्टर कमी करू. आणा की. त्यांनी काढलेले बगही तुम्हीच क्लोज करणार आहात.

यापुढे बग बंद करायचा असेल तर आठव्या मजल्यावरून खाली उतरा, मेट्रोचं तिकीट काढा, जिन्यावर उभे राहा आणि बटण दाबून बघा. तेवढे कष्ट झेपत नसतील तर 'सुटलं कसं' हे निदान मला विचारू नका. ज्याने क्लोज केला त्याला विचारा. नाव जिरामध्ये आहे त्याचं.